सांधेवाल्याचं अंगण

कागदाची गुंडाळी उलगडली तेव्हा
उकंडराव इंगोल्यांनी आधी हात धुतले,
मग कोपरे दाबायला वस्तू शोधल्या:
अडकित्ता, पाण्याचा गडू, रुळाची एक गंजकी खिळी.
चौथ्या कोपऱ्यावर स्वतःचा गुडघा.

मी सांगत गेले.
ही जांभळी मार्गिका, खांबांवरून.
ही हिरवी, तिच्या पोटाखालून.
इथे क्रॉसओव्हर. इथे गाडी परत फिरवायला शेपूट.
आणि दोघी भेटतात तिथे हे पांढरं वर्तुळ,
माणसं इथे गाडी बदलतील.

"या गोलात?"
हो.
"या गोलात पावलं किती?"

मी मीटर सांगितले, सरकत्या जिन्यासकट.
ते ऐकून घेऊन उठले
आणि कुडाला टेकवलेल्या पऱ्हाट्यांतून
सरळ सरळ काड्या निवडू लागले.

सारवलेल्या अंगणात पिंपळखुटा जंक्शन उतरलं.
मोठी लाइन, साडेपाच फुटी, ओट्यापासून तुळशीपर्यंत.
छोटी अडीच फुटी, वावरांमधून आलेली,
मोठीच्या बाजूला येऊन संपलेली.
लूप. साइडिंग. जिनिंगचा फाटा.
पाण्याच्या टाकीला तुरीचा एक दाणा.
सांध्याच्या जागची काडी त्यांनी मोडली नाही.
ओली शोधून आणली, आणि वाकवली.

"आता पाय. ह्या दोघी कुठीच जुळत नाई.
अडीचचा डबा साडेपाचवर जात नाई, जन्मात नाई.
कापूस उतरते, सरकी उतरते, डाकेची थैली उतरते.
इकडून तिकडं जाते थे माणूस.
थेही आपल्या पायानं."

दोनशे बारा पावलं, हातपंपाला वळसा घालून.
लेकरू कडेवर असलं तर दोनशे चाळीस.
कापसाची गठाण घेतलेला हमाल एकशे नव्वद,
कारण तो वळसा घालत नाही.
हे कुठं लिहिलेलं असायचं, मी विचारलं.
त्यांनी तुरीचा दाणा बोटभर डावीकडे सरकवला.

मग एका रात्रीचं.
छोटी पाऊण तास लेट, नुकती फाटकापाशी दिसतेय.
मेलची घंटी होऊन गेलेली.
मिरगे मास्तर म्हणतात, हात पाडा.
आणि सांध्यात खडा निघतो.
पट्टी बसत नाही, कुलूप लागत नाही, सिग्नलचा हात पडत नाही,
मेल बाहेर उभी, शिट्टीवर शिट्टी.
आठ मिनिटं.
चौकशीच्या कागदावर: खडा, कारण अज्ञात.
इंगोल्यांची वेतनवाढ दोन वर्षं बंद.

"खडा मीच ठेवला होता,"
म्हशीला पाणी दाखवून आलो, म्हणावं तशा आवाजात.

कोण होतं हो गाडीत?
"मले काय माहीत, बाई. अमावस होती.
सांध्यापाशी बसून मी पायच मोजले.
अकरा जण पयत गेले.
बारावा लंगडा होता. एक पाय वाजे, एक घासे.
थो पंपापाशी थांबला बी.
पाणी पेला असन."

आठातली तीन मिनिटं त्या पाण्याची.

छोटी बंद पडून आता बोरीबाभळींना पोरं झाली.
रुळांमधल्या वाटेनं शेळ्या जातात,
कुठं बदलायचं ते त्यांना माहीत आहे.

एवढ्यात शेजारच्या वैनताबाईची कोंबडी
सिग्नल न बघता आली,
दोन्ही लाइनी ओलांडल्या, टाकी गिळली
आणि जिनिंगच्या फाट्यावरून निघून गेली.
म्हातारा हसला नाही.
गुडघ्यांवर रांगत त्यांनी काड्या पुन्हा लावल्या,
सगळ्यात आधी सांध्याची.

मी माझ्या कागदावर वाकले.
पांढऱ्या वर्तुळाशेजारी छापलंय: बदल, तीन मिनिटे.
पेन्सिल काढली. बारीक अक्षरात लिहिलं,
कार्यालयात कुणीतरी खोडेलच अशा बारीक अक्षरात:
आणि वाटेत पाणी प्यायचं असेल तर?

"गुडघा उचलू का आता?" ते म्हणाले.
थांबा, मी म्हटलं. जरासं.