सार्वजनिक

रात्री पावणेदोनला प्रिंटर आपोआप जागा झाला.
दिवा बंद, मी अंथरुणात,
आणि तो घसा खाकरून कागद आत ओढू लागला
मीच बटण दाबल्यासारखा.

कागदावर तीन ओळी होत्या:
तुमचं फोल्डर उघडं आहे, सगळ्या बिल्डिंगला दिसतंय.
पत्राच्या चौथ्या ओळीत आशिर्वाद नाही, आशीर्वाद.
राग मानू नका.

सही नाही.

बावीस वर्षं मी लोकांची प्रुफं तपासली,
आधी लोअर परळच्या छापखान्यात,
तिथे काचेचा टॉवर आल्यावर घरी बसून.
त्यामुळे कान तापले ते आधी वेलांटीने.
कुणीतरी घरात येऊन गेलंय
हे नंतर लक्षात आलं,
पाणी पिताना.

कन्नमवार नगरातली आमची बिल्डिंग.
एल्विन केबलवाल्याने गच्चीवरून एकच निळी वायर सोडली,
मजल्यामजल्यावर डबी, डबीतून घरोघरी फाटे.
सगळे एकाच लाइनीवर, ताई, मस्त स्पीड.
मला वाटलं, पाण्याच्या टाकीसारखं असेल:
टाकी एक,
पण शेजाऱ्याच्या नळातून कोणी डोकावत नाही.

पहाटे मी नेटवर्कची यादी उघडली.
मोरे क्लासेस. स्वीटी. ॲडमिन, दोन वेळा.
घोरपडे पोस्टवाले.
आणि हेमांगी-घर.
ते नाव मीच दिलेलं, हौसेने.

स्वीटीवर क्लिक केलं, फक्त बघायला.
दार लोटलेलंच होतं.
लग्नाचे चारशे फोटो, शेवटी कर्ज नावाची फाइल.
ती मी उघडली नाही.
उघडली. दीड पान.
मग खुर्ची मागे सरकवून
बराच वेळ नखं बघत बसले.

निनाद फोनवर हसला.
मावशी, पहिल्या दिवशी त्याने तुला विचारलं असणार,
हे नेटवर्क कुठलं? घर, ऑफिस की सार्वजनिक?
मी घर म्हटलं असेन. घरातच तर बसले होते.
तेच चुकलं. घर म्हटलं की तो सगळ्यांना घरचं समजतो.
सार्वजनिक म्हण,
म्हणजे आतून कडी लावेल.

मग स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या खुर्चीवर,
देवाच्या फोटोखाली बसून
मी निवडलं: सार्वजनिक.

शेअरिंग बंद. फायरवॉल चालू.
प्रिंटरलाही सांगितलं, यापुढे परक्याचं ऐकायचं नाही.
राउटरचा पासवर्ड एल्विनने ठेवला होता, एक ते आठ आकडे, ओळीने.
नवा तुम्हाला सांगणार नाही.
एवढंच सांगते, त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत,
मुद्दाम केलेल्या.

आता जिन्यात भेटेल त्याच्याकडे मी
कच्च्या प्रुफासारखी बघते.
मोरे सर? ते गणिताचे.
घोरपडे चष्मा विसरतात, पत्ते सोडून काही वाचत नाहीत.
तळमजल्यावरची ती परीक्षांना बसणारी मुलगी,
हातात कायम व्याकरणाचं पुस्तक,
परवा माझ्यासाठी दार धरून उभी राहिली
आणि जरा जास्तच वेळ चपलांकडे बघत राहिली.
मी काही विचारलं नाही.
तिने पत्र वाचलं असेल तर
दादाशी मी सहा वर्षं बोलले नाही, का बोलले नाही,
आईच्या बांगड्यांचं काय झालं,
सगळं तिला माहीत आहे.
दादाला अजून नाही.

यादीत आता कोणी दिसत नाही.
मीही कोणाला दिसत नाही, निनाद म्हणतो.
पत्र उघडून चौथ्या ओळीतली
पहिली वेलांटी पुसून दुसरी दिली.
बाकी मजकूर होता तसाच.
पाठवलं नाही.

प्रिंटर कधी कधी मध्यरात्री
स्वतःशीच कट्ट करतो.
शाई सुकू नये म्हणून करतो, असं पुस्तिकेत लिहिलंय.
मी उठून ट्रे बघते.
कोरा असतो.