सायलेन्सरला नाक

उदगीरच्या नाक्यावर मुनीरमिस्त्री
गाडी आधी हुंगतो, मग पाना मागतो.
रॉकेल मिसळलेलं असलं की
प्लग चिमणीच्या काचेसारखा काळा,
चढाला गाडी खोकते.
"काय पाजलालास रं हिला?"

आता नवं पेट्रोल, उसातलं.
धूर पातळ. पीयूसीचा आकडा खाली,
ॲव्हरेजही थोडं खालीच,
आणि जुन्या कार्बोरेटरचं रबर
भिजल्या हरभऱ्यासारखं फुगलेलं.

काल माझी स्प्लेंडर सुरू करून
वाकला,
म्हणाला, "मळीचा वास येलालाय."
मला नाही आला.
त्याचा बाप बॉयलरवर होता,
त्या कारखान्याच्या भोंग्यात
वीस वर्षं झाली, पारवे राहतात.

पाना हातात तसाच.
इंजिन चालू.
मी काही बोललो नाही,
पेट्रोल माझं जळत होतं तरी.