कमी-जास्त

बेदाण्याच्या शेडवर बायांचं शिबिर होतं.
त्यासाठी नर्स शाहीन मुलाणी
तासगावच्या माझ्या दुकानात मखमल घेऊन आली.
म्हणाली, अक्का, एक नमुना शिवून द्या.
बाईचा. खालचा.

तीस वर्षं ब्लाउज शिवतेय.
कुणाचा उजवा खांदा उतरता, कुणाची पाठ भरली,
गल्लीतली सगळी मापं तोंडपाठ.
पण परकराला लागते कंबर आणि उंची,
मधलं कुणी मोजत नाही.

तिनं पाठकोऱ्या कागदावर काढून दाखवलं.
बाहेरचे ओठ मोठे, आत कापूस भरा.
आतले पातळ, त्यांना अस्तराचं सॅटिन.
वर ते जुळतात तिथं, घडीखाली, एक मणी.
शिश्निका. दिसतं तेवढं टोक,
बाकीची आत पसरलेली.
हिचं काम काय?
सुख, ती म्हणाली. दुसरं काही नाही.
मी उगाच दातानं दोरा तोडला.

मग लघवीची जागा, टाचणीच्या डोक्याएवढी.
तिच्याखाली योनीचं तोंड.
म्हणजे दोन वेगळ्या?
बावन्न वर्षांची मी, दोन बाळंतपणं झालेली,
मशीनवर बसून बोटं मोजत होते.
मागची धरून तीन.

माझी नणंद शेवंता
डॉक्टरला पोट दुखतंय एवढंच सांगत राहिली.
पोटाचे फोटो निघाले, सगळे चांगले.
गाठ ओठात होती.
तिच्याजवळ शब्द नव्हता.

आतले दोन्ही ओठ मी कात्रीनं सारखे केले.
शाहीननं एक उसवला.
सारखे नसतात अक्का.
एक लांब, एक आखूड, रंग कुणाचा सावळा, कुणाचा जांभळट.
बिघाड नाही तो.
तीस वर्षं गिऱ्हाईक म्हणतंय, जरा कमी-जास्त करा.
पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, राहू द्या.

या सगळ्याला मिळून काय म्हणायचं?
भग.
भगवंतातला?
तोच.
वहीत लिहिलं: भग, एक नग.
मजुरीचा रकाना कोरा ठेवला.

शनिवारी शेडवर
बायांनी बादलीत चिकट बोटं धुतली, पदराला पुसली.
नमुना या हातातून त्या हातात.
कुणी हसलं, मग सगळ्याच हसल्या,
मग कुणी हसेना.
शेवंतानं मणी अंगठ्यानं चाचपला, पुढं दिला.
कडेच्या बायजाक्कानं चष्मा वर करून
आधी शिवण बघितली.
पक्की हाय न्हवं, म्हणाली,
अजून लई जणींनी बघायचंय.