शेंडी

कुताइसीत पहिल्या दिवशी मला एकच शब्द ओळखीचा वाटला,
आणि त्यानेच फसवलं.
तळघराच्या खिडकीतून कुणी ओरडत होतं, पुरी! पुरी!
मी बोटांनी दोन दाखवल्या,
मनात तेल, फुगा, बटाट्याची भाजी.
गुराम कमरेपर्यंत भट्टीत वाकला
आणि होडीएवढ्या दोन भाकरी काढून
कागदात गुंडाळून माझ्या हातात दिल्या.
इथे पुरी म्हणजे रोजची भाकर.
मामा म्हणजे बाप, हे त्यानंतर कळलं,
तोवर साइटवरच्या फोरमनला
आठवडाभर मी मामाच म्हणत होते.

घरी पोचेस्तोवर एका होडीचं नाक पोटात गेलं होतं.
जिन्यात खालची त्सिआला भेटली,
तिनं तुटकं टोक बघितलं, मग मला बघितलं,
तिच्या पिशवीतली पुरीही नकटीच होती.

दिवसभर बोगदा. खडकाचे नमुने,
खोक्यांवर आकडे, हेल्मेटवर चुना.
संध्याकाळी रिओनीचं पाणी ऐकत
उभ्या उभ्या जेवायचं, भांडी एक.
असे दोन महिने.
मग एका रविवारी दार वाजलं:
हात धू आणि खाली ये, एवढं खुणेनं.

टेबलावर पिठाच्या चकत्या, मधे मटणाचा खिमा,
खिंकाली.
त्सिआला चुण्या घालून दाखवत होती हळूहळू,
परदेशी माणसाला दाखवतात तशी.
मी एक चकती उचलली.
बोटांना कुणी विचारलंच नाही,
ती आपली आपण कळ्या पाडत गेली,
गूळ-खोबरं नाही म्हणून अडली नाहीत.
त्सिआलानं मोजल्या. पुन्हा मोजल्या.
एकोणीस!
आणि खिडकी उघडून तिनं
अख्ख्या अंगणाला सांगितलं.

फक्त वरचं नाक मी नाजूक काढलं होतं.
ते तिनं दाबून जाड केलं,
धरायला शेंडी लागते, म्हणाली,
नाहीतर रस्सा सांडतो.
आणि पहिलीचा सांडलाच, कोपरापर्यंत.
मी कोल्हापूरकडची.
रस्सा वाया घालवणं आमच्यात बरं दिसत नाही.
दुसरी धरली, शेंडी तुटो की पारंबी तुटो,
चावा बारीक, आधी ओढून प्यायचं,
मग खायचं,
आणि मी शेंडीसकट खाल्ली.

सगळे थांबले.
गुरामचा पेला हवेतच.
त्यांच्या ताटांत कडेला पिठाच्या शेंड्या मांडलेल्या,
कुणाच्या आठ, कुणाच्या चौदा,
जेवणाचा हिशेब.
तू किती खाल्ल्यास, आम्हाला कळायचं कसं?

माझ्याकडे तेव्हा शंभरेक शब्द होते.
त्यांत बसेल तेवढं सांगितलं:
आमच्याकडे ताटात टाकत नाहीत.
आणि पाहुण्याचं
मोजत नाहीत.

गुरामनं पेला खाली ठेवला.
ताटातली एक शेंडी उचलली, कच्चट, थंड,
तोंडात टाकली, बराच वेळ चावली,
वाईट लागते, म्हणाला,
आणि दुसरी उचलली.
मग काय हसणं झालं ते लिहिता येत नाही.

त्सिआलाची बहीण लमारा इटलीत असते,
बारीला, कुणा म्हाताऱ्या बाईची काळजी घ्यायला.
फोनवर तिचा चेहरा टेबलाच्या टोकाला उभा केलेला,
मिठाच्या डबीला टेकून.
तिकडे हे लोक काट्यानं भोसकतात गं, ती सांगत होती,
सगळा रस्सा ताटात.
तिनं माझ्याकडे बघितलं, नखांतलं पीठ बघितलं,
आणि एक शब्द म्हणाली, गेनात्सवाले.
अर्थ विचारला तर त्सिआला अडखळली,
तुझं दुखणं मला येवो, असं काहीतरी.
मी कानशिलांवर बोटं मोडून दाखवली. दहाही.
हेच ना?
हेच, हेच.

आता पुष्कळ रविवार झाले.
शेंड्या मी अजून खाते, सवय जात नाही.
एक ठेवते.
फोन उभा करतात त्या बाजूला,
ताटाच्या कडेवर,
लमाराच्या हिशेबात धरायला.