बिशपचा हिशेब

पहिली नोंद सोळा मार्चची:
'चराच्या कडेला, गेटपासून चार पावलं. ताजा.'
काय ताजा, ते मी वहीत लिहिलं नाही.
आईनं वाढवलंच तसं.

क्लिफर्ड डॉड्सचा बिशप,
राखाडी, लांब पायांचा, बरगड्या मोजून घ्याव्यात असा.
कुंपण म्हणजे त्याला नुसती सूचना.
नॉर्थम्बरलंडच्या आमच्या गल्लीत खाण बंद पडल्यापासून
पुरुषांना दोनच उद्योग:
आपले लीक वाढवणं,
आणि दुसऱ्याचे, न बघितल्यासारखं करून, बघणं.
लीक म्हणजे कांद्याचा उंच, अबोल भाऊ.
मनगटाएवढा होऊन चालत नाही, पोटरीएवढा लागतो.
सप्टेंबरात क्लबच्या टेबलाशी तिघं टेप घेऊन येतात
आणि तुमचं वर्ष एका आकड्यात सांगतात.

अशा मातीत बिशप यायचा,
पाठीची कमान करायचा,
आणि माझ्या खिडकीकडे बघत
सावकाश उरकायचा.

संत्र्याची सालं पसरली. त्यानं हुंगली, ओलांडली.
मिरपूड टाकली; वारा फिरला, शिंका मला.
पाण्याच्या बाटल्या मांडल्या ओळीनं,
बागेला दुकानाची कळा आली, बाकी काही नाही.
क्लिफर्डला सांगितलं.
'बिशप? तो तर बाहेर जातच नाही.'
बिशप त्याच्या मागे उभा, नाकाला माझी माती.
आणि आतून थेल्मा, तेव्हा होती ती:
'घोड्याची लीद पैसे मोजून आणतोस ना?
हे फुकट, तर तक्रार!'

नोव्हेंबरात सगळी गल्ली गोठून दगड.
फक्त पुढच्या वर्षीचा माझा चर
खणून, लीद घालून, ताडपत्रीखाली मऊ.
शनिवारी सकाळी ताडपत्रीवर, मधोमध.
वाफ निघत होती अजून.
नोंद एकशे बारा.

माझ्या डोक्यात तिडीक गेली.
फावड्यावर घेतलं तसंच,
सगळ्यांच्या पडद्यांसमोरून पालखीसारखं नेलं
आणि कोपरानं बेल दाबली.

क्लिफर्ड बनियनवर. चष्मा नाही.
फावडं तेवढं दिसलं त्याला, वरचं नाही.
'बरं झालं आणलंस,' म्हणाला,
'माझ्याच्यानं माती फुटेना.
गुरुवारी रात्री गेला रे.
शेडमध्ये ठेवलाय, थेल्माच्या कोटात गुंडाळून.'

गुरुवारी.
मी शनिवारचं घेऊन उभा.

तो कोट घालायला आत वळला, तेवढ्यात
फावडं मी त्याच्याच हायड्रेंजात झटकलं.
ही नोंद वहीत नाही.

त्याच्या अंगणात काँक्रीट.
मऊ माती कुठे आहे ते तो बोलला नाही,
मीही नाही.
मग माझंच तोंड म्हणालं, 'चराच्या टोकाला जागा आहे.'

डोक्याकडून तो, पायांकडून मी.
वाटलं होतं त्याहून हलका.
कोटाच्या खिशातून एक बिस्किट पडलं.
क्लिफर्डनं फुंकलं, परत खिशात ठेवलं.

'तुझे लीक?'
'तीन फूट सोडून लावीन.'
माती ओढून झाल्यावर, हात झटकत:
'खरंच यायचा का रे तो तुझ्याकडे?'
'कधीमधी,' म्हटलं.

रविवारी सहाला, दिवा न लावता, खिडकीशी बसलो.
रेल्वेच्या बांधावरून कोल्हा उतरला,
कुंपणाखालून, घरचा असल्यासारखा,
नव्या मातीला वळसा घालून ताडपत्रीवर आला
आणि पाठीची कमान केली.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणावं,
तर संन्यासीही निम्मा तरी चोर होताच.
निम्मा, की पाव? एकशे बारांतल्या किती खोडू?
वही मिटली. बाहेर जाऊन उचललं.
क्लिफर्डच्या खिडकीत उजेड होता.
आता हे फावडं घेऊन
मी कुणाची बेल दाबू.