गोळी

गुडघ्याच्या एक्स-रेत एक गोळी ठेवायची असते,
पोलादी, बरोब्बर पंचवीस मिलिमीटरची.
हाडाच्या शेजारी, हाडाच्याच उंचीवर.
यंत्राला दुसरं काहीच खात्रीनं ठाऊक नसतं,
ती गोळी बघून ते बाकीचं जग मोजतं.

मी ती टेबलावर ठेवली. चार बोटं खाली.

जून महिना. पुंता अरेनासमध्ये पाचाच्या आत अंधार,
सामुद्रधुनीवरून आलेला वारा
वसुलीला आल्यासारखा पत्रा बडवत होता.
तिसोन गुंगीत, जीभ एका बाजूला,
डावा गुडघा काटकोनात, घोटा काटकोनात,
दोन्हीकडून वाळूच्या पिशव्या.
बाहेर बाकावर एलेउतेरिओ मान्सिया,
दोनशे किलोमीटर गाडी हाकून आलेला मेंढपाळ,
टोपी मांडीवर, जणू तीही आजारी.

डॉक्टर बारिआ पडद्यासमोर बसल्या.
त्या अजून पेन्सिल कानावर ठेवतात,
कागदावर हाडं गिरवायच्या दिवसांपासून.
एक ठिपका नडगीच्या माथ्याला पुढे, एक मागे:
ही रेघ उताराची.
एक ठिपका माथ्यावरच्या उंचवट्याला, एक घोट्याच्या मध्यावर:
ही रेघ हाडाची.
तिला काटकोन टाकला की मधे उरतो तो आकडा.
एकोणतीस.

"एकोणतीस काय?" तो दारात येऊन उभा.
"उतार. आतला दोर तुटलाय.
दर पावलाला मांडीचं हाड त्यावरून मागे घसरतं."
त्याने तळहात हवेत तिरका धरला, बराच वेळ बघितला.
"एवढ्या उताराला मी घोड्यावरून उतरतो.
आणि हा तो पायात घेऊन पाच महिने मेंढ्यांमागे."
मग खालच्या आवाजात,
"माझ्या बापाकडे अशा कुत्र्यासाठी एकच गोळी असायची."

कोणी काही बोललं नाही.
पत्रा बोलला.

डॉक्टरांनी करवतीचं वर्तुळ हाडावर ठेवलं, कळ दाबली.
हाडाचा माथा फिरला.
रक्त नाही, कण्हणं नाही,
एकोणतीसचे पाच झाले.
दुसरी कळ: पुन्हा एकोणतीस.
पडद्यावरचं हाड कितीदाही कापा,
ते मनात धरत नाही.

फिरवायचं अंतर: अकरा पूर्णांक दोन.
पेन्सिल कानावरून खाली आली.
"यास्ना, एवढ्याशा कुत्र्याला एवढं हाड?"

माझी कानशिलं तापली.
गोळी खाली, म्हणून लहान दिसली,
गोळी लहान, म्हणून हाड मोठं ठरलं.
कोन तसाच राहतो, त्याला कशाचं सोयरसुतक नाही.
खोटं बोलतं ते माप.
उद्या सकाळी त्या पायात
मी मिलिमीटरभर खोटं पेरणार होते.

गप्प बसावं असं वाटलंच नाही, असं नाही.
दोष ठेवायला टेबल होतं, वारा होता.
"माझ्या हातून झालं," मी म्हटलं.
त्यांनी खुर्ची मागे सारली.
"परत काढ."

या वेळी स्पंजचे तुकडे रचले, एकावर एक,
गोळी हाडाच्या बरोबरीला येईस्तोवर.
तिसोनचा श्वास माझ्या मनगटावर, ओल्या लोकरीचा वास.
एकोणतीस. तेवढेच.
करवत मात्र सत्तावीसची नाही, चोवीसची.
पट्टीची सावली नीट बसली,
पुढचं हाड, वाटीची दोरी जिथे धरते तिथलं, पुरेसं जाड राहिलं.
फिरवायचं अंतर: दहा.
यंत्रात जपलेलं असूनही
डॉक्टरांनी तो दहा तळहातावर लिहिला.

एलेउतेरिओला मी सगळं सांगितलं. खाली, वर, लहान, मोठं.
त्याने गोळी मागितली,
बोटांत फिरवली, शर्टाला पुसली, परत दिली.
"जड आहे," म्हणाला. एवढंच.

रात्री कोट काढताना खिशात ती सापडली.
क्लिनिकची वस्तू, सकाळी आठाला न्यायलाच हवी.
नजरेसमोर राहावी म्हणून जेवणाच्या टेबलावर ठेवली
तर हळूहळू चालायला लागली, खिडकीच्या दिशेनं.
जमिनीवर ठेवली, तरी तिकडेच.
अकरा वर्षं राहतेय मी या घरात.