आठ अंश

माझा बाप स्वॉल्वेरच्या धक्क्यावर कॉड भरायचा.
एक थर मासा, एक थर बर्फ,
वर झाकण, झाकणावर खडूने वेळ.
पुढे मीही तेच केलं, सोळा वर्षं.
खोक्यात मासा नसायचा, एवढंच.

चार तास.
त्यापुढे बर्फ राखत नाही, खातो.
एकदा बुदोहून निघताना वाऱ्याने अडवलं.
ऑस्लोत डॉक्टर हेग्गेलुंडने झाकण उघडलं,
बोटाने हलकेच दाबून पाहिलं
आणि काही न बोलता हातमोजे उतरवले.
पलीकडच्या टेबलावरची बाई
पुन्हा वॉर्डात गेली
त्याच दमलेल्या हृदयासकट.
मी पायऱ्यांवर बसून खोक्यातला बर्फ
नालीत ओतला. वितळायला फार वेळ लागला त्याला.

आता पेटी वेगळी आहे.
दोघांनी उचलायची, चाकांवर ढकलायची.
आत पंप, नळ्या, ऑक्सिजनचं ठेंगणं नळकांडं
आणि लालसर पाणी, जे चोरपावलांनी
हृदयाच्या बारीक बारीक गल्ल्यांतून हिंडून येतं.
ते धडधडत नाही. लोकांना तसं वाटतं.
ते नुसतं असतं,
थांबवलेलं, ओलं,
झोपेतच पाणी पाजलेल्या मुलासारखं.

जानेवारी. त्रोम्सो. सूर्य नोव्हेंबरातच गेलेला.
ओड-आर्ने, वय एकतीस, राहणार वार्दो,
खेकड्यांच्या बोटीवर कामाला.
घसरला तो बोटीवर नाही,
दुकानाच्या पायरीवर. दूध आणायला गेला होता.

त्याची आई, गुनवोर, कॉरिडॉरमध्ये उभी होती,
हातात त्याची लोकरीची टोपी.
सह्या झाल्या होत्या.
कुणाला मिळणार, बाई की पुरुष,
असलं काही तिने विचारलं नाही.
पेटीकडे हनुवटीने दाखवलं फक्त:
“आत गार असेल?”

पेशींची भूक थंडीत कशी मंदावते,
हे मला सांगता आलं असतं.
वर्गात सांगतो मी.
म्हणालो, आठ अंश.
तिने उधारीचा हिशेब आठवावा तसे डोळे मिटले.
“आठ,” ती म्हणाली.
“आमच्याकडे आठ म्हणजे जून.”
आणि टोपीची घडी करून
स्वतःच्या खिशात ठेवली.

धावपट्टीवर बर्फ आडवा पडत होता.
वैमानिक बाई म्हणाली, थांबू.
एक तास. दोन.
तिसऱ्या तासाला तिने थर्मासमधली कॉफी
माझ्यापुढे केली, मी कप धरून बसलो.
चौथा तास भरला
तेव्हा माझी बोटं सवयीने खडू शोधू लागली.
काळजाचं पाणी पाणी होतं म्हणतात.
इथे शेजारीच काळजातून पाणी फिरत होतं
आणि ज्याचं काळीज, तो त्रोम्सोत मागे.
पेटी फ्रिजसारखी एकसुरी पुटपुटत होती:
दाब वीस. तापमान आठ.
दाब वीस. तापमान आठ.

खिडकीबाहेर उणे चौदा.
माझ्या गुडघ्याला टेकलेला
दोन वीत लांबीचा जून.

सात तास सहा मिनिटं झाली तेव्हा
एका अनोळखी छातीत चिमटा सुटला.
आधी नुसती थरथर, जाळ्यातल्या गोष्टीसारखी.
मग एक ठोका.
मग बराच वेळ काहीच नाही.
हेग्गेलुंड, आता म्हातारा, मान वाकवून बघत राहिला.
मग दुसरा. तिसरा मी मोजला नाही,
कारण कुणीतरी मला नळ्या आवरायला सांगितलं.

पेटी धुतली, पुसली, उघडी ठेवून वाळवली.
नोंदवहीत वेळ, दाब, तापमान.
शेवटचा रकाना शेरा,
जो कुणी भरत नाही.
मी तिथे लिहिलं: जून.
मग खोडलं,
कारण कागद दवाखान्याचा.
पण बॉलपेन फार दाबून चालवलं असणार.
पुढच्या पानावर, पुढच्या कुणाच्या तरी नावाखाली,
ते अजून दिसतं,
पान दिव्यापुढे तिरकं धरलं तर.